रिइन्फोर्समेंट लर्निंग: ट्रेनिंग रन नीट लावणं आणि थांबलेला रन पुन्हा सुरू करणं

रिइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये एजंट, म्हणजे शिकणारा प्रोग्राम, मिळणाऱ्या गुणांवरून शिकत जातो. असं आठ तासांचं ट्रेनिंग सहाव्या तासाला थांबलं तर चेकपॉइंटवरून (मधेच साठवलेल्या प्रतीवरून) पुढे नेता येतं, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण चेकपॉइंट लोड केल्यावर काल व्यवस्थित चालणारा एजंट आज दुसऱ्याच पावलाला का कोसळतो, हे कळायला पुष्कळ वेळ जातो. कारण बहुतेक वेळा एकच असतं. मॉडेलची फाइल परत आलेली असते आणि तिच्यासोबत यायला हव्या होत्या त्या दोन गोष्टी, म्हणजे नॉर्मलायझेशनची (आकडे एका मापात आणण्याची) आकडेवारी आणि स्टेप्सचा (एजंटच्या एकेका पावलाचा) हिशेब, मागेच राहिलेल्या असतात. हा लेख मुख्यतः त्या दोन गोष्टींबद्दल आहे.

उदाहरणासाठी स्टेबल बेसलाइन्स ३ ही पायथन लायब्ररी, पीपीओ हा शिकण्याचा अल्गोरिदम आणि जिम्नेझियम या लायब्ररीतलं बायपेडल वॉकर व्ही३ हे एन्व्हायर्नमेंट (एजंट ज्यात शिकतो ते आभासी जग) घेतलं आहे. दोन पायांचा रोबो खडबडीत जमिनीवर चालवायचा असतो. निरीक्षणात २४ आकडे येतात, कृतीत ४. एक एपिसोड, म्हणजे चालण्याची एक खेप, जास्तीत जास्त १६०० स्टेप्सचा, पडला तर उणे १०० गुण, आणि ३०० गुण मिळाले की काम जमलं असं मानतात. साध्या लॅपटॉपवर शिकता येईल इतकं हे लहान आहे, आणि तरी यात नॉर्मलायझेशन लागतं, म्हणून सरावाला फार चांगलं.

आज्ञा आणि पॅरामीटरची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची, आणि नावात दोन-तीन शब्द असतील तर मध्ये अंडरस्कोर द्यायचा. क्लासच्या नावांत मात्र अंडरस्कोर नसतो, प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, आणि कॉलबॅकच्या 'ऑन' मेथडच्या नावाआधीही एक अंडरस्कोर असतो.

तयारी

प्रत्येक प्रकल्पाला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा. त्यात पिपने आधी स्विग, मग जिम्नेझियम बॉक्स२डी या जोडणीसह, मग स्टेबल बेसलाइन्स ३ आणि टेन्सरबोर्ड (ट्रेनिंगचे आलेख दाखवणारं साधन) इन्स्टॉल करा. हा क्रम पाळा. बॉक्स२डी हे भौतिकशास्त्राचं इंजिन इन्स्टॉल होताना स्विग सापडलं नाही तर लांबलचक एरर येते, आणि तिच्यात स्विगचं नाव कुठेतरी मधेच दडलेलं असतं.

इन्स्टॉल झालं की लगेच पिप फ्रीझची यादी एका फाइलमध्ये साठवा. महिन्याभराने दुसऱ्या मशीनवर रन सुरू करायचा झाला तर ही यादी उपयोगी पडते. स्टेबल बेसलाइन्स स्वतःही मॉडेलच्या झिप फाइलमध्ये सिस्टिमची माहिती ठेवतं. लोड करताना 'प्रिंट सिस्टिम इन्फो' ट्रू दिलं की जुनी आणि आत्ताची माहिती एकाखाली एक छापली जाते.

कॉन्फिग: एक फाइल, सगळे आकडे त्यात

आकडे कोडमध्ये विखुरलेले असतील तर पुन्हा सुरू करताना एखादा हमखास बदलतो. म्हणून एक यॅमल फाइल (साध्या मजकुरात सेटिंग लिहायची फाइल) करा आणि ट्रेनिंगची नि रिझ्यूमची (पुन्हा सुरू करण्याची), दोन्ही स्क्रिप्ट तीच वाचतील असं बघा. बायपेडल वॉकरसाठी सुरुवातीला हे आकडे घ्या:

एन एन्व्ह्ज (एकाच वेळी चालणारी एन्व्हायर्नमेंट्स): ८
एन स्टेप्स: २०४८
बॅच साइझ: ६४
एन इपॉक्स: १०
लर्निंग रेट (शिकण्याचं पाऊल किती मोठं): ०.०००३
गॅमा (पुढे मिळणाऱ्या गुणांना किती वजन): ०.९९९
जीएई लॅम्डा: ०.९५
क्लिप रेंज (एका वेळच्या बदलाची मर्यादा): ०.२
एन्ट कोएफ (एन्ट्रॉपीचं वजन): ०
एकूण स्टेप्स: ५० लाख
नॉर्मलायझेशन: निरीक्षण आणि रिवॉर्ड (गुण) दोन्हींचं

लायब्ररीच्या मूळ आकड्यांपेक्षा इथे एकच मोठा फरक आहे. गॅमा ०.९९ ऐवजी ०.९९९ घेतला आहे, कारण एपिसोड लांब आहेत आणि शंभर स्टेप्सपलीकडचं एजंटला दिसायला हवं. गॅमा बदललात तर नॉर्मलायझेशनच्या रॅपरलाही (एन्व्हायर्नमेंटभोवती चढवलेल्या कवचालाही) तोच गॅमा द्या. त्याचा स्वतःचा मूळ आकडा ०.९९ आहे आणि तो मॉडेलकडून आपोआप उचलत नाही.

यॅमलमध्ये लर्निंग रेट दशांशातच लिहा. तीन, मग इंग्रजी ई, मग उणे चार अशा वैज्ञानिक पद्धतीने लिहिलात, आणि तिनानंतर दशांशबिंदू नसेल, तर पायथनची पायवायॅमल लायब्ररी त्याला आकडा न समजता मजकूर समजते. पुढे मॉडेल बनवताना जी एरर येते तिच्यावरून मूळ कारण चटकन ओळखू येत नाही.

आता थोडा हिशेब, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पीपीओ आधी अनुभव गोळा करतो आणि मग त्यावरून शिकतो. एका फेरीत, म्हणजे एका रोलआउटमध्ये, ८ एन्व्हायर्नमेंट्स गुणिले २०४८ स्टेप्स, म्हणजे १६,३८४ स्टेप्स गोळा होतात. ६४ च्या बॅचने त्याचे २५६ तुकडे पडतात, आणि १० इपॉक्समध्ये नेटवर्कचे वेट्स (शिकताना बदलणारे त्याच्या आतले आकडे) २५६० वेळा सुधारले जातात. बॅच साइझने १६,३८४ ला पूर्ण भाग जायला हवा. जात नसेल तर शेवटचा तुकडा अर्धवट राहतो आणि लायब्ररी तसा इशारा देते. तो इशारा डोळ्यांआड करू नका.

५० लाख सांगितले तरी रन नेमका ५० लाखांवर थांबत नाही. फेरी अर्धी सोडता येत नसल्यामुळे ३०६ फेऱ्या पूर्ण होतात आणि अखेरचा आकडा ५०,१३,५०४ दिसतो. यात बिघाड काही नाही.

एन्व्हायर्नमेंट्स 'मेक व्हेक एन्व्ह' या फंक्शनने बनवा. ते प्रत्येकाभोवती मॉनिटर, म्हणजे गुण नोंदवणारा रॅपर, आपोआप लावतं. त्यावर बाहेरून व्हेक नॉर्मलाइझ हा नॉर्मलायझेशनचा रॅपर चढवा. मॉनिटर आत आणि नॉर्मलायझेशन बाहेर असल्यामुळे लॉगमधला सरासरी रिवॉर्ड खरा, मूळ मापाचा दिसतो. सबप्रॉक व्हेक एन्व्ह (प्रत्येक एन्व्हायर्नमेंट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारा क्लास) वापरणार असाल तर मुख्य कोड 'इफ नेम इज मेन' या अटीच्या आतच हवा. नाहीतर प्रत्येक नवी प्रोसेस तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायला जाते आणि सगळं एररवर येऊन थांबतं.

डिव्हाइस सीपीयू ठेवा. नेटवर्क इतकं लहान आहे की आकडे ग्राफिक्स कार्डावर नेण्या-आणण्यातच वेळ जातो. कॅमेऱ्याच्या चित्रांवर शिकणारा एजंट असेल तर मात्र जीपीयू हवाच.

काय काय साठवायचं

मॉडेल सेव्ह केलं की एक झिप तयार होते. तिच्यात नेटवर्कचे वेट्स, ऑप्टिमायझरची (वेट्स सुधारणाऱ्या भागाची) अवस्था, हायपरपॅरामीटर्स आणि आतापर्यंतच्या स्टेप्सचा आकडा असतो. ६४-६४ च्या दोन थरांचं नेटवर्क धरलं तर सुमारे बारा हजार पॅरामीटर्स होतात, आणि ऑप्टिमायझरसकट फाइल दीडशे-दोनशे केबींच्या घरात राहते. म्हणून जुने चेकपॉइंट पुसायची घाई करू नका, तीसच्या तीस ठेवले तरी जागा जात नाही.

झिपमध्ये काय नसतं, ते जास्त महत्त्वाचं. व्हेक नॉर्मलाइझची आकडेवारी नसते, म्हणजे प्रत्येक निरीक्षणाची धावती सरासरी आणि पसारा त्यात नसतो. ती वेगळ्या पिकल फाइलमध्ये स्वतः साठवावी लागते. एन्व्हायर्नमेंटची अवस्था नसते. थांबलं तेव्हा रोबो जिथे होता तिथून पुढे जाता येत नाही, सगळे एपिसोड नव्याने सुरू होतात. रँडम आकड्यांच्या जनरेटरची अवस्थाही नसते. त्यामुळे थांबवून पुढे नेलेला रन आणि सलग चाललेला रन आकड्याला आकडा जुळणार नाहीत. तशी अपेक्षा ठेवली तर नसलेली चूक शोधत बसाल.

चेकपॉइंट कधी घ्यायचा

ट्रेनिंग चालू असताना लायब्ररी ज्या कोडला मधूनमधून हाक मारते त्याला कॉलबॅक म्हणतात. लायब्ररीत चेकपॉइंट कॉलबॅक तयार मिळतो. त्याला 'सेव्ह व्हेकनॉर्मलाइझ' ट्रू दिलं की आकडेवारीही सोबत साठवली जाते, आणि हे डीफॉल्टने बंद असतं. दुसरी गोष्ट, त्याचा 'सेव्ह फ्रेक' हा आकडा स्टेप्स मोजत नाही, हाका मोजतो. ८ एन्व्हायर्नमेंट्स असतील तर एका हाकेत ८ स्टेप्स होतात. दर लाख स्टेप्सला साठवायचं असेल तर एक लाख भागिले ८, म्हणजे १२,५०० द्या. नाहीतर पहिला चेकपॉइंट आठ लाखांवर मिळेल.

पीपीओच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. हा कॉलबॅक अनुभव गोळा होत असताना चालतो, आणि वेट्स तर फेरी संपल्यावरच बदलतात. फेरीच्या शेवटच्या स्टेपला साठवलं तर त्या फेरीचे १६,३८४ स्टेप्स मोजणीत धरले जातात, पण त्यांच्यावरून झालेलं शिक्षण फाइलमध्ये नसतं. पुन्हा सुरू केल्यावर गोळा केलेला तो अनुभव वाया जातो. एका फेरीत दोनदा साठवलं तर दोन्ही फाइलींत वेट्स तेच येतात.

म्हणून थोडं कष्टाचं पण स्वच्छ काम करा. बेस कॉलबॅकवरून स्वतःचा लहानसा क्लास लिहा आणि त्यातल्या 'ऑन रोलआउट स्टार्ट' या मेथडमध्ये साठवा. ही मेथड नवी फेरी सुरू होण्याआधी, म्हणजे आधीच्या फेरीचं शिकणं पूर्ण झाल्यावर, चालते. फेऱ्या मोजा आणि दर दहाव्या फेरीला, म्हणजे दर १,६३,८४० स्टेप्सना, साठवा. ५० लाखांत असे तीस संच होतील. या क्लासमध्ये 'ऑन स्टेप' मेथडही लिहावी लागते आणि तिने ट्रू परत द्यायलाच हवं. रिटर्न लिहायला विसरलात तर ट्रेनिंग पहिल्याच स्टेपला मुकाट्याने थांबतं, एररही येत नाही.

दहा फेऱ्या योग्य की पन्नास, हे तुमच्या मशीनच्या वेगावर ठरवा. लॉगमधला एफपीएस बघा. सेकंदाला १५०० स्टेप्स होत असतील तर दहा फेऱ्यांना दोन मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळ लागतो. वीज गेली तर तेवढंच नुकसान. लोडशेडिंगच्या भागात डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांना हे प्रमाण पटेल. मोठ्या नेटवर्कचं साठवणंच जड असेल तर अंतर वाढवा.

फाइल अर्धवट राहू नये म्हणून

साठवण चालू असतानाच मशीन बंद पडलं तर झिप अर्धी राहते. त्याहून वाईट म्हणजे मॉडेल नवं आणि आकडेवारी जुनी अशी जोडी तयार होऊ शकते, आणि ती लोड करताना कुठलीही एरर येत नाही. उपाय असा:

१. प्रत्येक चेकपॉइंटला वेगळा फोल्डर करा. नावात स्टेप्सचा आकडा ठेवा, डावीकडे शून्यं भरून आठ अंकी केलेला.

२. त्यात क्रमाने मॉडेलची झिप, नॉर्मलायझेशनची पिकल आणि कॉन्फिगची प्रत टाका.

३. या तिन्ही झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, 'पूर्ण' अशा अर्थाची एक रिकामी फाइल त्या फोल्डरमध्ये तयार करा.

रिझ्यूमच्या स्क्रिप्टने फक्त ही खूण असलेले फोल्डर बघायचे आणि त्यातला शेवटचा उचलायचा. आकडा आठ अंकी करायचं कारण असं की नावं अक्षरांप्रमाणे लावली तर ९८३०४० हे १६३८४०० च्या नंतर येतं. मग स्क्रिप्ट सर्वांत नवा म्हणून दहा लाखांच्या आतला फोल्डर उचलते आणि सहा-सात लाख स्टेप्सचं काम गेलं हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

कोलॅबवर (गूगलच्या ऑनलाइन मशीनवर) काम करत असाल तर फोल्डर आधी तिथल्या स्थानिक डिस्कवर पूर्ण करा आणि मग ड्राइव्हवर कॉपी करा. कॉपी करतानाही खुणेची फाइल शेवटी. कोलॅबचं मोफत सेशन जास्तीत जास्त १२ तास चालतं, आणि बरेचदा त्याच्या आधीच तुटतं.

कंट्रोल-सी दाबून थांबवण्यासाठी ट्रेनिंगभोवती ट्राय-एक्सेप्ट लावून कीबोर्ड इंटरप्ट पकडता येतो. कॉलेजच्या किंवा संस्थेच्या क्लस्टरवर मात्र ते पुरत नाही. स्लर्मसारखा शेड्यूलर वेळ संपली की आधी सिगटर्म हा सिग्नल पाठवतो आणि थोड्याच वेळात, डीफॉल्टने ३० सेकंदांनी, प्रोसेस मारतो. पायथन सिगटर्मला कीबोर्ड इंटरप्ट मानत नाही. त्यासाठी सिग्नल हँडलर लावा, त्यात फक्त एक खूण ट्रू करा, आणि 'ऑन स्टेप'मध्ये ती खूण दिसली की फॉल्स परत द्या. ट्रेनिंग नीट थांबतं. हँडलरच्या आतच फाइल लिहायला बसू नका.

पुन्हा सुरू करणं, पायरीपायरीने

समजा, शेवटचा पूर्ण संच १९,६६,०८० स्टेप्सचा आहे, म्हणजे १२० फेऱ्या झालेल्या आहेत.

पहिली पायरी. कॉन्फिग त्या फोल्डरमधल्या प्रतीतून वाचा. मधल्या काळात तुम्ही मुख्य फाइलमध्ये काही बदललं असेल, ते इथे नको.

दुसरी पायरी. 'मेक व्हेक एन्व्ह'ने तशीच ८ एन्व्हायर्नमेंट्स बनवा.

तिसरी पायरी. नवा व्हेक नॉर्मलाइझ बनवू नका. व्हेक नॉर्मलाइझ डॉट लोडला पिकलचा पत्ता आणि ही एन्व्हायर्नमेंट्स द्या. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. नवा रॅपर बनवला तर त्याची सरासरी शून्य आणि पसारा एक असतो. एजंट ज्या मापात जग बघायला शिकला ते माप एका क्षणात बदलतं, आणि काल २५० गुण मिळवणारा एजंट धडपडतो. त्याहून घातक म्हणजे तो त्या चुकीच्या मापावर पुन्हा शिकायला लागतो आणि चांगले वेट्स बिघडतात.

चौथी पायरी. पीपीओ डॉट लोडला झिपचा पत्ता, ही एन्व्हायर्नमेंट्स, डिव्हाइस आणि नवा सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) द्या. लोड ही क्लास मेथड आहे, ती नवं मॉडेल परत देते. आधी रिकामं मॉडेल बनवून त्यावर मॉडेल डॉट लोड म्हटलं आणि परत आलेली वस्तू कुठल्या व्हेरिएबलमध्ये घेतली नाही, तर जुनं, काहीही न शिकलेलं मॉडेलच ट्रेनिंगला जातं. एरर येत नाही. सुरुवातीचा रिवॉर्ड पुन्हा उणे शंभराच्या आसपास दिसला तर आधी ही ओळ तपासा.

सीड बदलायचं कारण असं: मॉडेलसोबत जुना सीडही साठवलेला असतो आणि लोड होताना जनरेटर त्याच सीडवर पुन्हा लावला जातो. दर तासाला तुटणाऱ्या सेशनमध्ये मग प्रत्येक वेळी तीच जमीन नि तीच सुरुवात मिळत राहते. मूळ सीडमध्ये 'कितव्यांदा सुरू केलं' हा आकडा मिळवा, पुरे.

पाचवी पायरी. मॉडेलचा 'नम टाइमस्टेप्स' छापून बघा. तो १९,६६,०८० यायला हवा आणि फोल्डरच्या नावाशी जुळायला हवा.

सहावी पायरी. लर्नला उरलेले स्टेप्स द्या: ५०,००,००० वजा १९,६६,०८०, म्हणजे ३०,३३,९२०. सोबत 'रीसेट नम टाइमस्टेप्स' फॉल्स, आणि टेन्सरबोर्डचं लॉगनाव आधीचंच.

स्टेप्सचा हिशेब आणि लर्निंग रेट

सहाव्या पायरीत चूक झाली तर परिणाम उशिरा दिसतो, म्हणून तिच्यावर थोडं थांबू. लर्निंग रेट स्थिर असेल तर फार बिघडत नाही. पण तो सरळ रेषेत शून्यापर्यंत उतरवायचा असेल तर लायब्ररी प्रत्येक क्षणी 'अजून किती बाकी' हे प्रमाण काढते, आणि ते लर्नला दिलेल्या आकड्यावर ठरतं. रीसेट फॉल्स असताना तुम्ही दिलेला आकडा आधीच्या स्टेप्समध्ये मिळवला जातो.

उरलेले ३०,३३,९२० दिले तर एकूण ५० लाख होतात, बाकी प्रमाण ०.६०७ येतं आणि लर्निंग रेट सुमारे ०.०००१८. जिथे सोडला होता तिथूनच पुढे. चुकून पुन्हा ५० लाख दिले तर एकूण ६९,६६,०८० होतात आणि रेट उडी मारून ०.०००२१५ च्या जवळ जातो. रीसेट ट्रू राहिलं, आणि डीफॉल्ट तेच आहे, तर घड्याळ शून्यावर येतं आणि रेट थेट ०.०००३ ला पोचतो. बऱ्यापैकी शिकलेल्या एजंटला एवढ्या मोठ्या पावलांनी हलवलं की रिवॉर्ड घसरतो, आणि दोष चेकपॉइंटवर ढकलला जातो.

याच कारणाने एक लोकप्रिय पद्धत टाळा: लूपमध्ये दर वेळी लाखभर स्टेप्सचं लर्न बोलवायचं आणि प्रत्येकानंतर सेव्ह करायचं. स्थिर रेटला ती चालते. उतरत्या रेटला पहिल्या लाखातच रेट शून्याजवळ जातो, दुसऱ्या लाखाच्या सुरुवातीला अर्ध्यावर चढतो आणि पुन्हा शून्याकडे उतरतो. करवतीच्या दातांसारखा आलेख दिसला की कारण हेच समजा. नवशिक्यांनी पहिल्या काही रनमध्ये रेट स्थिरच ठेवावा, हे आमचं स्पष्ट मत.

रेट मुद्दाम बदलायचा असेल तर तो लोड करतानाच 'लर्निंग रेट' म्हणून द्या. लोड झाल्यावर मॉडेल डॉट लर्निंग रेटला नवा आकडा दिल्याने काहीच होत नाही, कारण प्रत्यक्ष वापरलं जाणारं वेळापत्रक आधीच तयार झालेलं असतं. क्लिप रेंजच्या बाबतीत तर नंतर आकडा दिला की पुढच्या फेरीला एरर येते, कारण तिथे आतून फंक्शनची अपेक्षा असते. जुन्या पायथनमध्ये साठवलेलं वेळापत्रक नव्या आवृत्तीत उघडत नसेल तर 'कस्टम ऑब्जेक्ट्स'मध्ये लर्निंग रेट, एलआर शेड्यूल आणि क्लिप रेंज नव्याने पुरवा. वेट्सना धक्का लागत नाही.

खरंच तिथूनच सुरू झालं का, याची चाचणी

लांब रन लावण्याआधी ३२,७६८ स्टेप्सचा, म्हणजे दोन फेऱ्यांचा, छोटा रन करा (त्यापुरतं दर फेरीला साठवा) आणि तो मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू करा. एक कच्चं निरीक्षण, म्हणजे २४ आकडे, फाइलमध्ये ठेवा. साठवण्याआधी ते नॉर्मलायझेशनमधून काढून मॉडेलला द्या, डिटरमिनिस्टिक ट्रू ठेवून (म्हणजे कृतीत रँडम भाग राहत नाही), आणि आलेले कृतीचे ४ आकडे लिहून ठेवा. लोड केल्यावर तेच निरीक्षण त्याच वाटेने द्या. आकडे जुळले तर वेट्स आणि आकडेवारी दोन्ही बरोबर आली. वेट्स बरोबर पण आकडेवारी नवी असेल तर इथेच फरक दिसतो. पाच मिनिटांच्या या चाचणीने पुढचे कित्येक तास वाचतात.

मोठ्या रनमध्ये लोड केल्यावर, शिकवण्याआधी, २० एपिसोड चालवून सरासरी बघा. या तपासणीसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट घ्या, त्यावर तीच आकडेवारी लोड करा आणि रॅपरचे 'ट्रेनिंग' आणि 'नॉर्म रिवॉर्ड' दोन्ही फॉल्स करा. ट्रेनिंग ट्रू राहिलं तर तपासणीचे एपिसोडच आकडेवारी हलवत राहतात.

पहिल्या काही फेऱ्यांत लॉगमधले दोन आकडे बघत राहा. अप्रॉक्स केएल (जुन्या आणि नव्या पॉलिसीतला फरक) अचानक कितीतरी पट वाढला तर पॉलिसी, म्हणजे एजंटची कृती निवडण्याची रीत, फार वेगाने बदलते आहे, रेट तपासा. एक्सप्लेन्ड व्हेरियन्स (गुणांचा अंदाज किती जुळतो ते) आधी ०.९ च्या आसपास होता आणि आता शून्याकडे आला तर मूल्य सांगणारं (पुढे किती गुण मिळतील याचा अंदाज करणारं) नेटवर्क आणि येणारे रिवॉर्ड यांचं माप जुळत नाही, आकडेवारी तपासा.

टेन्सरबोर्डवर रेष थोडी मागे वळून पुन्हा पुढे गेलेली दिसेल. बंद पडण्याआधी १९,६६,०८० च्या पुढचे जे बिंदू लिहिले गेले होते त्यांच्यावर आता नवे बिंदू येतात. त्याची काळजी नको.

काळजी इव्हॅल कॉलबॅकची, म्हणजे मधूनमधून एजंटची तपासणी करणाऱ्या कॉलबॅकची, घ्या. तो सर्वोत्तम मॉडेल वेगळं साठवतो, पण 'आतापर्यंतचा सर्वोत्तम' हा आकडा पुन्हा सुरू केल्यावर त्याला आठवत नाही. तो उणे अनंतापासून सुरू होतो. त्यामुळे पहिल्याच तपासणीत, गुण कितीही कमी असोत, जुन्या सर्वोत्तम मॉडेलवर नवं लिहिलं जातं. तपासण्यांचा इतिहास असलेली फाइलही तशीच पुसली जाते. प्रत्येक रिझ्यूमला या कॉलबॅकसाठी नवा फोल्डर द्या. सर्वोत्तम मॉडेलसोबत नॉर्मलायझेशनची आकडेवारीही तो साठवत नाही, त्यासाठी 'कॉलबॅक ऑन न्यू बेस्ट'मध्ये स्वतःची साठवण जोडा. मॉनिटरच्या सीएसव्ही फाइली वापरत असाल तर त्यांनाही हाच नियम.

सॅक आणि डीक्यूएन वापरत असाल तर

या अल्गोरिदमना जुना अनुभव साठवणारा रीप्ले बफर लागतो, आणि तो मॉडेलच्या झिपमध्ये नसतो. 'सेव्ह रीप्ले बफर' आणि 'लोड रीप्ले बफर' वेगळे बोलवावे लागतात. बायपेडल वॉकरसाठी दहा लाख नोंदींचा बफर साधारण २२० एमबी होतो, आणि तो अर्धा भरलेला असला तरी फाइल पूर्ण आकाराचीच होते, कारण जागा आधीच राखलेली असते. म्हणून याचे तीस संच नकोत, शेवटचे दोन ठेवा. अटारीसारख्या खेळांत ८४ गुणिले ८४ च्या चार चित्रांची एक नोंद २८ केबींची, दहा लाखांची २८ जीबी, आणि पुढचं निरीक्षण वेगळं साठवलं तर त्याच्या दुप्पट. तिथे बफर लहान ठेवणं किंवा मेमरी वाचवणारा पर्याय वापरणं भाग पडतं.

बफर न लोड करता सॅक पुढे चालवला तर काय होतं बघा. 'लर्निंग स्टार्ट्स'ची मर्यादा स्टेप्सच्या एकूण आकड्याशी ताडली जाते, आणि तो तर लाखोंत आहे. त्यामुळे शिकणं लगेच सुरू होतं, बफरमध्ये मोजक्या नोंदी असताना. २५६ च्या बॅचमध्ये त्याच त्या नोंदी पुन्हा पुन्हा येतात आणि क्रिटिक (कृतीचं मूल्य सांगणारं नेटवर्क) त्यांच्यावरच वाकतो. बफर हरवलाच असेल तर 'लर्निंग स्टार्ट्स' सध्याच्या आकड्यापेक्षा दहा हजारांनी पुढे ठेवा. त्या दहा हजार स्टेप्समध्ये कृती यादृच्छिक असतात, शिकलेल्या पॉलिसीच्या नसतात, म्हणजे ही फक्त डागडुजी झाली.

डीक्यूएनमध्ये रीसेट ट्रू राहिलं तर एप्सिलॉन (अंदाजाने कृती करण्याचं प्रमाण) पुन्हा १ वर जातो आणि शिकलेला एजंट सुरुवातीला निव्वळ अंदाजाने खेळू लागतो.

कधी पुढे नेऊ नये

निरीक्षणाचे आकडे २४ चे २६ केले तर लोड करतानाच एरर येते, आणि ती चांगली, कारण ती लगेच कळते. रिवॉर्डचं सूत्र बदललं तर एरर येत नाही. मूल्य सांगणारं नेटवर्क जुन्या गुणांवर शिकलेलं असतं आणि रिवॉर्डच्या नॉर्मलायझेशनची आकडेवारीही जुन्या मापाची असते. अशा वेळी जुना रन पुढे नेतो आहोत असं मानू नका. नव्या नावाने नवा रन सुरू करा. जुने वेट्स हवेच असतील तर रीसेट ट्रू ठेवून, लहान रेटने, निरीक्षणांची आकडेवारी जुनी आणि रिवॉर्डची नवी अशी सुरुवात करा, आणि कॉन्फिगमध्ये 'कोणत्या चेकपॉइंटवरून' ही ओळ जोडून ठेवा.

एन्व्हायर्नमेंट्सची संख्या मात्र बदलता येते. आठ कोअरच्या मशीनवरून चार कोअरच्या मशीनवर आलात तर एन एन्व्ह्ज ४ करा आणि ती एन्व्हायर्नमेंट्स थेट लोडलाच द्या. आधी लोड करून मग 'सेट एन्व्ह' केलं तर संख्या जुळत नाही म्हणून ते अडतं. फेरी आता ८,१९२ स्टेप्सची होईल. ती पूर्वीइतकीच ठेवायची असेल तर लोड करतानाच एन स्टेप्स ४०९६ द्या.